यादीतून काढलेलं ड्रॉपबॉक्स परत कसं आलं: मॅकवरच्या एका परवानगीचं प्रकरण

२०१६ च्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत मॅक वापरणाऱ्यांमध्ये एका छोट्या प्रयोगाची बरीच चर्चा झाली. ज्याच्याकडे मॅक आणि त्यावर ड्रॉपबॉक्स, म्हणजे फाइलींच्या प्रती सगळ्या उपकरणांवर सारख्या ठेवणारी सेवा, आहे त्याला तो घरबसल्या करून पाहता येत होता. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी' उघडायचं, प्रायव्हसीखाली अ‍ॅक्सेसिबिलिटी निवडायचं, खालच्या कोपऱ्यातल्या कुलपावर क्लिक करून अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यायचा. उजवीकडच्या यादीतलं ड्रॉपबॉक्स निवडून वजाचं बटण दाबायचं. नाव यादीतून निघून जाई. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं आणि तीच यादी उघडायची. ड्रॉपबॉक्स तिथे परत हजर, नावापुढे टिकसुद्धा लागलेली. मधल्या वेळात स्क्रीनवर विचारणा नाही, सूचना नाही.

या प्रकारात कोणाचे पैसे गेल्याचं किंवा त्या परवानगीचा कोणी गैरवापर केल्याचं पुढे आलं नाही. तरीही मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅपला परवानगी देताना काय पाहावं यावर भरपूर लिहिलं जातं. दिलेली परवानगी काढून घेतली तर ती खरोखर निघते का, याची तपासणी फार कमी लोक करतात. इथे ती झाली, अगदी फाइलच्या पातळीपर्यंत झाली, आणि कंपनीनेही उघडपणे उत्तर दिलं. त्यामुळे परवानगी परत कशी येते हे यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे किती मोठी परवानगी

अ‍ॅक्सेसिबिलिटीची सोय मुळात अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा, ज्याला माउस हाताळता येत नाही त्याच्यासाठी बटणं दाबून देणारा प्रोग्रॅम असतो. असा प्रोग्रॅम चालायचा तर त्याला इतर अ‍ॅपच्या खिडक्यांमध्ये काय आहे ते कळलं पाहिजे, त्यातली बटणं दाबता आली पाहिजेत, मजकूर टाइप करता आला पाहिजे. म्हणजे ही परवानगी ज्याच्या हातात, तो वापरकर्त्याच्या जागी बसून मॅक चालवू शकतो. कॅमेरा किंवा मायक्रोफोनच्या परवानगीपेक्षा ही खूप रुंद आहे, आणि नावावरून मात्र कोणालाही वाटतं की ही एखादी निरुपद्रवी सुविधा असेल.

ओएस एक्सच्या, म्हणजे मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, जुन्या आवृत्त्यांत यासाठी एकच चौकोन होता. तो टिक केला की सगळ्याच अ‍ॅपना रान मोकळं. २०१३ मध्ये तिची मॅव्हरिक्स ही आवृत्ती आली तेव्हा अ‍ॅपलने हे बदललं आणि प्रत्येक अ‍ॅपची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. यामागची यंत्रणा टीसीसी नावाने ओळखली जाते, म्हणजे ट्रान्स्परन्सी, कन्सेंट अँड कंट्रोल. आदल्या वर्षीच्या माउंटन लायनमध्ये ती कॉन्टॅक्ट्सपुरती होती, पुढे तिची व्याप्ती वाढत गेली.

अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या बाबतीत अ‍ॅपलने मुद्दाम वाट अवघड ठेवली. अ‍ॅपने ही परवानगी मागितली की सिस्टिम स्वतःची एक चौकट दाखवते. तिच्यात 'परवानगी द्या' असं बटणच नसतं. एक तर नकार द्यायचा, नाहीतर सेटिंग्ज उघडायच्या. ज्याला परवानगी द्यायचीच आहे त्याने स्वतः सेटिंग्जमध्ये जायचं, कुलूप उघडायचं आणि हाताने टिक लावायची. घाईघाईत ओके दाबून ही परवानगी जाऊ नये हा हेतू, आणि मला तो पूर्णपणे पटतो. ड्रॉपबॉक्स वापरणाऱ्यांना मात्र ही चौकट कधी दिसलीच नव्हती. त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन टिक लावलेली नव्हती. तरी नाव यादीत होतं.

नोंदवही

सेटिंग्जमध्ये दिसते ती यादी म्हणजे एका फाइलचं नुसतं दर्शन. मूळ फाइल मॅकच्या लायब्ररी फोल्डरमधल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये, टीसीसीच्या नावाच्या फोल्डरात असते. तिचं नाव टीसीसी डॉट डीबी. हा साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे, म्हणजे मोबाइलमधली असंख्य अ‍ॅप आपली माहिती ज्या प्रकारात ठेवतात तोच. आत 'अ‍ॅक्सेस' नावाचा तक्ता. त्यातल्या एका ओळीत सेवेचं नाव, अ‍ॅपची ओळख आणि परवानगी आहे की नाही याचा आकडा. त्या काळच्या मॅकवर ड्रॉपबॉक्सची ओळ वाचली तर सेवा अ‍ॅक्सेसिबिलिटी, अ‍ॅप 'कॉम डॉट गेटड्रॉपबॉक्स डॉट ड्रॉपबॉक्स', आणि परवानगीच्या रकान्यात १.

इथे एक फरक नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. सेटिंग्जमध्ये नुसती टिक काढली तर ओळ राहते आणि १ चा ० होतो. म्हणजे 'या अ‍ॅपने मागितलं होतं, मालकाने नाही म्हटलं' ही आठवण सिस्टिमकडे शिल्लक राहते. वजाचं बटण दाबलं तर अख्खी ओळ पुसली जाते. मग सिस्टिमच्या दृष्टीने ते अ‍ॅप नवखं, त्याने अजून काही मागितलेलंच नाही, त्यामुळे ते पुन्हा विचारू शकतं. बहुतेकांना वाटतं की यादीतून नावच उडवलं म्हणजे जास्त कडक कारवाई झाली. प्रत्यक्षात नकार जपून ठेवायचा असेल तर टिक काढून नाव तसंच राहू देणं बरं.

ही अक्कल अर्थात तेव्हाच कामाची, जेव्हा अ‍ॅप सिस्टिमला विचारून वागतं.

नोंद कोणी चढवली

ड्रॉपबॉक्सची ही परत येण्याची सवय 'अ‍ॅपल हेल्प रायटर' या नावाने लिहिणाऱ्या मॅक-जाणकाराने आधी जुलै २०१६ मध्ये मांडली आणि नंतर मुळाशी जाऊन उलगडली. माग काढायचा तर सुरुवात इन्स्टॉलेशनपासून करावी लागते. ड्रॉपबॉक्स बसवताना एक चौकट येई: ड्रॉपबॉक्सला नीट काम करण्यासाठी तुमच्या संगणकाचा पासवर्ड हवा आहे, अशा आशयाची. नीट काम म्हणजे काय, याचा खुलासा नसे. माणूस पासवर्ड टाकून पुढे जाई, जसा आपण सगळेच कुठलंही सॉफ्टवेअर बसवताना जातो.

त्या पासवर्डाच्या जोरावर ड्रॉपबॉक्स लायब्ररीत 'ड्रॉपबॉक्स हेल्पर टूल्स' नावाचा फोल्डर तयार करी. त्यात त्या वापरकर्त्याच्या क्रमांकाचा एक उपफोल्डर. मॅकवरचा पहिला वापरकर्ता ५०१ असतो, म्हणून बहुतेकांच्या मॅकवर ५०१ चा आकडा दिसे. आत काही छोटे प्रोग्रॅम, आणि त्यांतला एक 'डीबीअ‍ॅक्सेसपर्म'. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडून या फाइलीची तपशीलवार माहिती मागितली तर डावीकडे परवानग्यांची अक्षरं येतात. मालकासाठी वाचणं, लिहिणं आणि चालवणं यांची आर, डब्ल्यू, एक्स अशी तीन अक्षरं एरवी असतात. इथे तिसऱ्या जागी एक्सऐवजी एस होता, आणि मालकाच्या रकान्यात रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी वापरकर्ता.

त्या एका एसमध्ये सगळं प्रकरण आहे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यातल्या, म्हणजे मॅकसारख्या, सिस्टिममध्ये याला सेटयूआयडी म्हणतात. एरवी प्रोग्रॅम जो सुरू करतो त्याच्या अधिकाराने चालतो. सेटयूआयडी लावलेला प्रोग्रॅम कोणीही सुरू केला तरी फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. मालक रूट असेल तर रूटच्या अधिकाराने, आणि तेही दर वेळी, पासवर्ड न मागता. म्हणजे पासवर्ड एकदाच दिला गेला, त्यातून मिळालेला अधिकार मात्र त्या फाइलीत कायमचा भरून ठेवला गेला.

हा प्रोग्रॅम उलगडून पाहिल्यावर आत टीसीसीच्या त्याच 'अ‍ॅक्सेस' तक्त्यात ओळ घालणारी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली, आज्ञा सापडली. सेटिंग्जची खिडकी, कुलूप, हाताने लावायची टिक, हे सगळं ओलांडून ड्रॉपबॉक्स आपली नोंद थेट वहीत लिहीत होतं. सातबाऱ्यावर नाव लागायचं तर आधी फेरफार, मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीची मुदत आणि मगच प्रमाणित नोंद, अशी रीत असते. समजा कोणाच्या हाती दफ्तराचं कपाट उघडण्याची सोय लागली आणि त्याने स्वतःच उताऱ्यावर नाव चढवलं. मालकाने अर्ज करून ते कमी करून घेतलं, तरी कपाट उघडण्याची सोय त्याच्याकडे आहे तोवर नाव पुन्हा चढणार. ड्रॉपबॉक्सच्या बाबतीत दर वेळी अ‍ॅप सुरू होताना हेच घडत होतं. वजाचं बटण दाबणारा माणूस उतारा दुरुस्त करत होता, आणि अडचण कपाटापाशी होती.

माझ्या मते इथे खरी मोठी परवानगी अ‍ॅक्सेसिबिलिटीची नव्हतीच. ती होती रूटची, जी 'नीट काम करण्यासाठी' या एका मोघम वाक्यावर दिली गेली. सेटिंग्जच्या कुठल्याही यादीत तिची ओळ नव्हती. अ‍ॅक्सेसिबिलिटीची टिक तिचं एक दृश्य फळ होतं, एवढंच. दिसत होतं ते काढता येत होतं. जे काढायला हवं होतं ते दिसत नव्हतं.

कंपनीचं उत्तर

सप्टेंबर २०१६ मध्ये ही चर्चा वाढली तेव्हा ड्रॉपबॉक्ससाठी वेळ आधीच वाईट होती. २०१२ मधल्या गळतीत सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड गेले होते, हे ऑगस्टच्या अखेरीस उघड झालं होतं. अशा वेळी 'तुमच्या मॅकवर रूटचा अधिकार धरून ठेवला आहे' हे ऐकून लोक भडकले, यात नवल नाही. काहींनी तर कंपनी पासवर्ड चोरून साठवते असाही आरोप केला.

तो आरोप चुकीचा होता, आणि हे स्वच्छ सांगायला हवं. पासवर्डाची चौकट ड्रॉपबॉक्सने नकली बनवलेली नव्हती, ती मॅकची स्वतःची होती. टाकलेला पासवर्ड सिस्टिमकडे जाई, ड्रॉपबॉक्सच्या हाती पडत नसे. फक्त चौकटीतलं कारणाचं वाक्य अ‍ॅपने दिलेलं असे. डेस्कटॉप अ‍ॅपवर काम करणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या अभियंत्याने जाहीर चर्चेत येऊन हे समजावलं. अ‍ॅक्सेसिबिलिटी कशाला हवी, तर वर्ड, एक्सेलसारख्या ऑफिसच्या अ‍ॅपसाठी. ड्रॉपबॉक्समधली फाइल वर्डमध्ये उघडली की खिडकीच्या कडेला एक छोटं चिन्ह येई, ती फाइल त्या वेळी आणखी कोणी उघडली आहे का ते दाखवणारं. वर्डच्या खिडकीला असं चिकटून राहायचं तर खिडकी कुठे आहे, कधी हलली हे कळायला हवं, आणि त्यासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीशिवाय सोपा मार्ग नव्हता. मॅकच्या परवानग्या हव्या तितक्या बारीक कापलेल्या नाहीत, थोडंसं हवं असलं तरी सगळंच मागावं लागतं, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. रूटचा अधिकार कशाला, तर फाइल सिस्टिमच्या काही कामांना अ‍ॅपलची साधनं पुरी पडत नव्हती म्हणून. आपण कशासाठी काय मागतो हे लोकांना नीट सांगितलं नाही, ही कबुलीही त्यांनी दिली.

या उत्तरातलं एकच विधान मला अजूनही बोचतं. अ‍ॅप सुरू होताना आपण परवानग्या तपासतो आणि लावतो, असं त्यांनी सांगितलं. हेतू असा की ड्रॉपबॉक्स नीट चालावं, सिस्टिम अपडेट झाल्यावरही बिघडू नये. लोकांच्या निवडीवर कुरघोडी करायची नव्हती, असंही म्हटलं. हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात परवानगी नसण्याचं एकच कारण होतं: काहीतरी बिघडलं असणार. मालकाने विचार करून ती काढली असेल, ही शक्यता त्या प्रोग्रॅममध्ये कुठेच धरलेली नव्हती. वापरकर्त्याचा नकार त्याला बिघाड वाटत होता आणि तो इमानेइतबारे दुरुस्त करत होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी जे कोणी हे वाचत असतील त्यांनी आपल्या 'सेल्फ-हीलिंग' (स्वतःच स्वतःला दुरुस्त करणाऱ्या) म्हणवणाऱ्या भागांकडे या नजरेने एकदा पाहावं. सर्व्हिस बंद पडली तर पुन्हा सुरू करा, फायरवॉलचा नियम नसेल तर पुन्हा घाला, स्टार्टअपमध्ये नाव नसेल तर परत टाका. यांतल्या प्रत्येक ठिकाणी ती गोष्ट बंद करणारा माणूसच असू शकतो.

दुसरा धोका कमी बोलला गेला. ड्रॉपबॉक्सवर पूर्ण विश्वास ठेवला तरी रूटच्या अधिकाराने चालणारी ती फाइल मॅकवर पडून राहत होती. अशा फाइलीत एखादी चूक राहिली असती तर मॅकवर आलेल्या दुसऱ्याच कुठल्या तरी घातक प्रोग्रॅमला तिच्या खांद्यावरून रूटपर्यंत पोचता आलं असतं. परवानगी ज्याला दिली त्याच्यापुरती राहते हे गृहीतच अशा वेळी चुकतं.

परवानगी खरोखर निघाली ती कशी

ज्यांना ड्रॉपबॉक्स हवं होतं पण अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायची नव्हती, त्यांच्यासाठी मार्ग निघाला आणि त्यात क्रमाला महत्त्व होतं. आधी ड्रॉपबॉक्स पूर्ण बंद करायचं, म्हणजे मेनूबारमधूनही. मग अ‍ॅडमिनच्या अधिकाराने लायब्ररीतला हेल्पर टूल्सचा, म्हणजे मदतनीस प्रोग्रॅमांचा, अख्खा फोल्डर काढून टाकायचा. त्यानंतर सेटिंग्जच्या यादीतून नाव काढायचं. हे झाल्यावर ड्रॉपबॉक्स सुरू केलं की ते पुन्हा पासवर्ड मागे. तिथे कॅन्सल. कॅन्सल केल्यावरही फाइली सिंक होत राहत, आणि 'नीट काम करण्यासाठी' पासवर्ड लागतो हे वाक्य किती सैल होतं ते तिथे कळे. हाच क्रम उलटा केला, आधी नाव काढलं आणि मदतनीस तसाच ठेवला, तर सगळी मेहनत पुढच्या लॉगइनपर्यंतच टिके.

नुसतं ड्रॉपबॉक्स कचऱ्याच्या डब्यात टाकणंही पुरेसं नव्हतं, कारण मदतनीसाचा फोल्डर अ‍ॅपच्या बाहेर, लायब्ररीत होता. मॅकवर अ‍ॅप ओढून ट्रॅशमध्ये टाकलं की संपलं असं आपण मानतो. ते फक्त त्या अ‍ॅपच्या बाबतीत खरं, ज्याने पासवर्ड घेऊन इतरत्र काही ठेवलेलं नाही.

कायमचा बंदोबस्त अ‍ॅपलने केला. एल कॅपिटन या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मॅकमध्ये सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन आहे. काही ठरावीक जागांवर रूटलाही हात लावता येत नाही, असा त्याचा अर्थ. २० सप्टेंबर २०१६ रोजी सिएरा ही पुढची आवृत्ती आली आणि त्यात टीसीसीची नोंदवही या संरक्षणाखाली गेली. आता वहीत लिहायचं ते सिस्टिमच्या स्वतःच्या प्रक्रियेने. बाहेरचं कोणी रूट होऊन आलं तरी त्याची नोंद चढत नाही. सिएरावर ड्रॉपबॉक्सला इतरांसारखंच सिस्टिमची चौकट दाखवून विचारावं लागलं, आणि एकदा काढलेलं नाव काढलेलंच राहू लागलं.

रूट म्हणजे सर्वाधिकारी, त्याला काहीही करता येतं, ही युनिक्सची जुनी धारणा इथे मोडली. काही जाणकारांना हे रुचलं नाही, आपल्याच यंत्रावर आपल्याला अडवणूक का, असं ते म्हणतात. मला वाटतं परवानगी काढण्याचा हक्क खरा ठेवायचा तर दुसरा उपाय नाही. पासवर्ड टाकणारा माणूस आणि त्या पासवर्डावर चालणारा प्रोग्रॅम यांत फरक न करणारी सिस्टिम मालकाचं म्हणणं राखू शकत नाही.

त्यानंतर

नोंदवही सुरक्षित झाली तरी तिच्यावरचे हल्ले थांबले नाहीत. टीसीसीची एक वही पूर्ण सिस्टिमची आणि एक प्रत्येक वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलं की वापरकर्त्याचं होम फोल्डर कोणतं, ही नोंदच बदलून सिस्टिमला दुसऱ्या, बनावट वहीकडे वळवता येतं. मूळ वहीला हात न लावता आख्खी वहीच बदलायची. या त्रुटीला त्यांनी 'पॉवरडीर' नाव दिलं. अ‍ॅपलने ती डिसेंबर २०२१ मध्ये, मॉन्टरेच्या १२.१ या अपडेटमध्ये बुजवली. म्हणून मॅकचे अपडेट पुढे ढकलणाऱ्यांना मी नेहमी आग्रहाने सांगतो की तुम्ही काढलेल्या परवानग्या काढलेल्या राहणं यावरही अवलंबून आहे.

झूमचं २०१९ चं प्रकरण याच जातीचं. झूम मॅकवर एक छोटा वेब सर्व्हर बसवत होतं आणि अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं तरी तो मागे चालूच राही. पुढे एखाद्या मीटिंगच्या दुव्यावर क्लिक झालं की तो सर्व्हर झूम परत बसवून देई, मालकाला न विचारता. ८ जुलै २०१९ रोजी हे जाहीर झालं आणि दोनच दिवसांत अ‍ॅपलने स्वतःहून, कोणाला काही करायला न लावता, तो सर्व्हर मॅकवरून काढणारं अपडेट पाठवलं. इथेही हेतू सोयीचा होता, एक क्लिक वाचवण्याचा. आणि इथेही परत येण्याची वाट मालकाच्या नजरेबाहेर ठेवलेली होती.

आपल्याकडे घरोघरी आणि दुकानादुकानांत विंडोज जास्त, म्हणून त्याबद्दल थोडं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मायक्रोफोन यांच्या याद्या आहेत, पण स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅपसाठीच एकेक बटण मिळतं. इंटरनेटवरून उतरवून बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमसाठी सगळ्यांना मिळून एकच बटण असतं, आणि असा प्रोग्रॅम त्या बटणाला वळसा घालून उपकरणापर्यंत पोचू शकतो, हे मायक्रोसॉफ्टही मान्य करतं. इन्स्टॉल करताना 'येस' दाबलं की तो प्रोग्रॅम सर्व्हिस बसवू शकतो, टास्क शेड्युलरमध्ये काम लावू शकतो, फायरवॉलमध्ये स्वतःसाठी वाट करून घेऊ शकतो. तिथे परवानगी काढायची म्हणजे या तिन्ही जागा उघडून पाहायच्या. सेटिंग्जमधलं बटण बंद करून काम भागत नाही.

मॅकवर याद्या बऱ्याच वाढल्या आहेत. २०१८ च्या मोहावेमध्ये कॅमेरा, मायक्रोफोन आणि फुल डिस्क अ‍ॅक्सेस आले. २०१९ च्या कॅटालिनात स्क्रीन रेकॉर्डिंग आणि कीबोर्डवर नजर ठेवण्याची परवानगी वेगळी झाली. २०२४ च्या सेक्वोयात स्क्रीन रेकॉर्डिंगबद्दल दर महिन्याला पुन्हा विचारलं जातं. यावर पुष्कळांनी कुरकुर केली. मला ही कल्पना आवडते, कारण परवानगी काढायची आठवण सहसा कोणाला होत नाही. ऑनलाइन शिकवणीसाठी एकदा दिलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं तसंच राहतं. ऑफिसने दिलेल्या मॅकची गोष्ट निराळी. तिथे आयटी विभाग आपल्या व्यवस्थेतून अ‍ॅक्सेसिबिलिटीसारख्या परवानग्या दुरूनच देऊ शकतो आणि वापरणाऱ्याला त्या काढता येत नाहीत. कॅमेरा आणि मायक्रोफोन मात्र आयटी विभागालाही परस्पर देता येत नाहीत, फक्त नाकारता येतात. ही मर्यादा अ‍ॅपलने आखून ठेवली आहे.

काढलेली परवानगी मागे जाऊन काही पुसत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. अ‍ॅपने तोवर वाचलेला मजकूर, घेतलेलं चित्र, सर्व्हरवर पाठवलेली प्रत जिथे आहे तिथेच राहते. चालू असलेल्या अ‍ॅपची परवानगी काढल्यावर ते बंद करून पुन्हा उघडायला मॅक सांगतं तेव्हा 'लेटर' दाबू नये. तोवर जुन्याच अधिकाराने ते चालू राहू शकतं.

ड्रॉपबॉक्सच्या मदतनीसासारख्या गोष्टींना बराच काळ सेटिंग्जमध्ये जागा नव्हती. २०२२ च्या व्हेंचुरापासून 'लॉगइन आयटम्स'मध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या मदतनीसांची यादी दिसते आणि एकेकाला बंद करता येतं. कुठलीही परवानगी काढण्याआधी ही यादी उघडून त्या अ‍ॅपचा मदतनीस आधी बंद करावा, आणि मग प्रायव्हसीच्या यादीत जाऊन टिक काढावी. फक्त एवढं ध्यानात असू द्यावं की या यादीत सिस्टिमने आपोआप सुरू करायचे प्रोग्रॅम येतात. सेटयूआयडी लावून नुसती ठेवलेली फाइल, म्हणजे २०१६ मध्ये ड्रॉपबॉक्सने ठेवली होती तशी, आजही तिथे दिसत नाही. ती टर्मिनलमध्येच शोधावी लागते. फाइंड या आज्ञेला परवानगीचा ४००० हा क्रमांक देऊन मुख्य लायब्ररी आणि अ‍ॅप्लिकेशन्स या दोन फोल्डरांपुरता शोध घेतला तरी पुरे. सिस्टिमच्या स्वतःच्या फोल्डरांतही सूडू आणि एसयू यांसारख्या अशा फाइली असतात, त्यांना हात लावू नये. या दोन फोल्डरांत मात्र एखादी फाइल निघाली तर ती कोणत्या अ‍ॅपची, ते अ‍ॅप अजून वापरात आहे का आणि पासवर्ड मागताना त्याने काय कारण दिलं होतं, हे तपासल्याशिवाय ती राहू देऊ नये.